डोक्यावरून गेलेलं स्टेशन

"लागलं का?"

"लागतंय," म्हणत गहिनीनाथांनी रेडिओच्या एरियलची वायर लॉजच्या गच्चीवरच्या दोरीला, कुणाच्या तरी लेंग्याशेजारी अडकवली.

"मगाधरनं लागतंयच," रतनबाई म्हणाल्या.

नागापूरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून गहिनीनाथांनी शॉर्टवेव्ह रेडिओला वाहून घेतलं होतं. लांबलांबची स्टेशनं पकडायची आणि जमेल तिथे जाऊन ती बघायची. इतरांच्या बायका देवळं बघून येत. रतनबाईंनी टॉवर पाहिले होते, तेही कुंपणाबाहेरून.

या खेपेचं कारण वेगळं होतं. एका हिंदी स्टेशनवर दर रविवारी श्रोत्यांची नावं वाचत. आपलं नाव कैकदा आलंय, असं गहिनीनाथ सांगत. पण नाव जवळ आलं की घरी, सावेडीच्या फ्लॅटमध्ये, नेमकी खरखर सुरू होई. "अवो, नाव येतच नसंल," असं रतनबाई एकदा सहज म्हणाल्या. स्टेशन लागो न लागो, हे गहिनीनाथांना चटकन लागलं.

म्हणून जवळ जाऊनच ऐकायचं ठरलं. टॉवर इथून तीसेक कोसांवर. जे सावेडीत ऐकू येतं ते इथे कानठळ्या बसवील, हा हिशेब कुणालाही पटण्यासारखा होता. रतनबाईंनी कापसाचे बोळे बरोबर घेतले होते.

रविवारची वेळ झाली. काटा जागेवर होता. रेडिओत कुणीतरी मंद आचेवर काहीतरी तळत होतं. माणूस मात्र बोलत नव्हतं.

चहा घेऊन आलेल्या लॉजवाल्याने आधी वायरकडे, मग लेंग्याकडे पाहिलं. "इधर नहीं पकड़ता, बाबूजी. ऊपर से निकल जाता है. दूर जाके गिरता है, आपके उधर."

गहिनीनाथांनी हे पुस्तकात वाचलं होतं. ते आपल्यालाही लागू असेल, असं वाटलं नव्हतं. त्यांनी आभाळाकडे पाहिलं. तिथे काही दिसलं नाही.

"काय म्हन्ला त्यो?"

"जवळच्यांना ऐकू जात नाही म्हणतो."

"मंग हिकडं कशाला आलो आपन?"

गहिनीनाथांनी काटा हलवला आणि पुन्हा होता तिथेच आणला.

तेवढ्यात फोन वाजला. सावेडीहून सून, मोनिका.

"बाबा, तुम्ही म्हणाला होतात ना, घरचा रेडिओ संध्याकाळी थोडा चालव, नाहीतर रुसतो? लावला. आत्ता तुमचं नाव आलं. एकदम साफ."

फोन स्पीकरवर टाकून गहिनीनाथांनी रतनबाईंपुढे धरला.

"आई, तुमचंपण आलं. त्या रेडिओवरच्या बाई म्हणाल्या, 'हमेशा की तरह, गहिनीनाथजी और श्रीमती रतनबाई.'"

"माजं?" रतनबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "माजं नाव कुनी दिलं?"

गहिनीनाथ पाठमोरे होऊन वायर सोडवू लागले.

"ऱ्हाऊ द्या," रतनबाई म्हणाल्या. "कार्यक्रम संपल्याबिगर काढू ने."

त्यांनी पदर सारखा केला, रेडिओ मांडीवर घेतला आणि आवाज थोडा वाढवला.