एकवीस लाखांची मोत्याची सर

जनकाबाई वारली तेव्हा तिच्या गळ्यात मोत्याची सर होती. तिरडी बांधायच्या आधी थोरल्या दगडोबानं ती काढून खिशात घातली आणि मग गळा काढला. क्रम बराबर होता गड्याचा.

सर तशी काही राजेशाही नव्हती. एकोणचाळीस बारके, वेडेवाकडे मोती, मधे चांदीचे चार मणी. जनकाबाईच्या आजीनं हैदराबादच्या फिरत्या व्यापाऱ्याला सात मेंढे देऊन घेतलेली. जनकाबाईनं ती साठ वर्षं अंगावरून उतरवली नाही. हळद काढताना, शिजवताना, शेळ्या पिळताना सर गळ्यातच. घाम आणि हळद पिऊन मोती म्हाताऱ्याच्या दातांसारखे पिवळे पडले. एकदा दोरा तुटला तेव्हा ती मधल्या शिवहारला म्हणाली, "वसमतला रोज जातूस, तेवढी ओवून आण." शिवहार म्हणाला, "कचकड्याच्या मण्याला कोण दीडशे रुपये घालंल, माय?" मग लेकीनं, सिंधूबाईनं, पोतं शिवायच्या दोऱ्यात ओवून दिली.

सिंधूबाई तिघांत धाकटी. नवऱ्यानं पुण्यात दुसरा संसार मांडला, तेव्हापासून नऊ वर्षं ती शिरड शहापूरच्या शिवारात, आईच्या नावच्या दोन एकरात, विहिरीशेजारी पत्र्याच्या खोलीत राहते. पंचवीस शेळ्या आणि हळद. विहीर गेली की शेळ्या गेल्या, शेळ्या गेल्या की सिंधूबाई दुसऱ्याच्या रानात रोजानं. दोन्ही भावांना हे कळत होतं. पण हळदीचा भाव चढला होता, आणि भाव चढला की भावाला बहीण दिसत नाही.

आपल्याकडं बहिणीचा हिस्सा म्हणजे हक्कसोडपत्रावरची सही. बदल्यात एक साडी आणि जेवणात बुंदी. तेराव्याला दगडोबानं साडी आणि कागद दोन्ही पुढं केलं. सिंधूबाईनं साडी घेतली, कागद परत केला.

"सही?" दगडोबा म्हणाला.

"साडी तेराव्याची हाय ना, दादा? मंग सही कशाची?"

तेव्हा कुठं भावांना आईच्या सरीची किंमत वाटायला लागली.

दोघं वसमतला एका सराफाकडं गेले. सराफानं भिंग लावलं. एक मोती समोरच्या दातावर घासला. दोन मोती एकमेकांवर घासले, बोटाला पिठासारखी पूड लागली.

"खरा आहे," तो म्हणाला. "दातावर खरखरतो तो खरा, गुळगुळीत घसरतो तो नकली. पण जात हलकी, आणि पाणी पार उतरलेलं. मेलेला मोती आहे हा. चांदीचे मणी धरून सहा हजार."

शिवहार खुर्ची ओढून जवळ सरकला. "शेठ, आमाला विकायची न्हाई. वाटणीत बहिणीला द्यायची हाय. कागदावर जरा वाढवून द्या."

"किती वाढवू?"

"इहिरीसकट दोन एकर होईल, एवढं."

सराफानं पुन्हा भिंग उचललं नाही. विचारलं, "तिकडं एकराचा भाव काय चालू आहे?"

अशी पारख झाली. कागदावर आलं: बसरा मोती, निजामकालीन, दुर्मिळ, अंदाजे एकवीस लाख रुपये. शिक्का मारला, पाचशे घेतले. मराठवाड्यात कुणाच्याही घरात काही चमकतं निघालं की ते निजामाच्या बेगमेनं दिलेलं असतं. त्या बेगमांना दुसरा धंदाच नव्हता जणू, उठायचं आणि मेंढपाळांना मोती वाटत सुटायचं.

मग शिवहारची बायको रागिणी आरसा घेऊन पत्र्याच्या खोलीवर गेली. सर सिंधूबाईच्या गळ्यात घातली. "वन्स, साक्षात सासूबाई दिसून राहिल्या तुमी! बाईला रान काय करायचं? दागिना कसा, जलमभर संगं ऱ्हातो."

सिंधूबाईनं आरशात बघितलं. खरंच आई दिसत होती. डोळे भरून आले, ते तिनं लपवले नाहीत. रागिणीनं सर काढून घेतली आणि घरी जाऊन सांगितलं, काम झालं.

वाटणी चुलते मुंजाजी तात्यांच्या अंगणात, सकाळी दहाला. त्यांच्यात रीत अशी की थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यापासून उचलायला लागायचं. थोरला मग लबाडी करत नाही, कारण उरलेला वाटा त्याच्याच गळ्यात पडतो. दगडोबानं रीत मोठ्या आवाजात सांगितली, चार माणसांनी ऐकावं म्हणून. ताटात तीन वस्तू मांडल्या. घराची किल्ली, विहिरीसकट दोन एकरांसाठी रानातलं ढेकूळ आणि सर. सरीखाली सराफाचा कागद.

"तिन्ही वाटे सारखे," दगडोबा म्हणाला. "हवं तर तात्या, कागद वाचा. एकवीस लाख! बहिणीवर अन्याय नको म्हणून पाचशे घालून लिहून आणलंय. आणि आधी सह्या. मागून कुणी तोंड फिरवायचं न्हाई."

सगळ्यांनी स्टँपवर सह्या केल्या. दगडोबानं सर्वांत मोठी.

"उचल, सिंधू," तो मायेनं म्हणाला.

सिंधूबाईनं सर उचलली. रागिणीनं शिवहारला कोपर मारलं. सिंधूबाईनं एक मोती दातावर घासला, बराच वेळ. मग सर होती तशी कागदावर ठेवली आणि ढेकूळ उचलून पदरात घेतलं.

दगडोबानं आधी ताटाकडं बघितलं, मग बहिणीच्या पदराकडं.

"अगं, चुकून... सर उचल की," शिवहार म्हणाला.

"चुकून काहून? तिन्ही सारखे हायत ना, भाऊ?"

"रीत पोरांची असती, पोरींची न्हाई!" दगडोबा ओरडला.

मुंजाजी तात्यांनी चष्मा पुसला. "आत्ता तर म्हन्लास, उचल सिंधू. मी काय बहिरा झालो? आणि एकवीस लाखाचं डबोलं तुमा दोघांत ऱ्हायलं, तर बोंबलून काहून राहिले?"

आता पाळी शिवहारची. त्यानं भावाकडं बघितलंच नाही. किल्ली उचलली आणि खिशात टाकली. दोघांनी मिळून केलेली लबाडी, पण वाटा उचलताना ज्याचा त्याचा हात.

उरली सर. दगडोबा तिच्याकडं विंचवाकडं बघावं तसं बघत होता. सहा हजाराची आहे म्हणावं, तर कागद खोटा आणला हे चार माणसांत कबूल करावं लागतं. एकवीस लाखाची म्हणावं, तर मुकाट घरी न्यावी लागते. नेली.

दुसऱ्या दिवशी तो वसमतच्या सराफापुढं उभा. "घ्या तुमची एकवीस लाखाची."

"लिहायचा भाव वेगळा, घ्यायचा वेगळा," सराफ म्हणाला. "दोरा पण पोत्याचा आहे. साडेपाच हजार."

आठ दिवसांनी दगडोबा सर आणि सराफाचा कागद घेऊन विहिरीवर आला. सिंधूबाई शेळ्यांना पाणी पाजत होती.

"सिंधू, आईची आठवण हाय. तुझ्यापाशीच शोभंल. एक एकर दे, सर घे."

"कागदावरचा भाव नको सांगू, दादा. दातावरचा सांग."

दगडोबानं विहिरीत बघितलं. "सहा हजार," तो म्हणाला. साडेपाच म्हणाला नाही. तेवढी माया शिल्लक नव्हती.

"आईच्या आजीनं सात मेंढे मोजले, तू म्हंतूस सहा हजार. घे, त्यो काळा बोकड ने. सहा हजाराचा भरंल."

दगडोबाचा चेहरा उजळला, पण लगेच आवळला. "चारशेच्या भावानं पंदरा किलो भरंल का?"

ज्या माणसानं एकवीस लाखाचा मोती न तोलता कागदावर चढवला, त्यानं शेजारच्या रानातल्या आखाड्यावरून स्प्रिंगचा ताणकाटा मागून आणला. बोकडाला पोटाखालून धोतर बांधून लटकवलं. बोकड बोंबलत होता. काटा पावणेपंधरावर थांबला.

"पाव किलो कमी हाय," दगडोबा म्हणाला.

सिंधूबाईनं त्याच्या हातातला सराफाचा कागद घेतला, उलटा केला आणि वर पेन ठेवला. "लिही. आईची सर दिली, पावणेपंधरा किलोचा बोकड घेतला. पाव किलो बहिणीला माफ. खाली सही कर, तशीच मोठी."

त्यानं लिहिलं. 'माफ' सुद्धा लिहिलं. मग बोकड ओढत वाटेला लागला.

सिंधूबाईनं सर गळ्यात घातली आणि उरलेल्या चोवीस शेळ्यांना पाणी पाजलं.