अकोल्याचं यंत्र बंद केलं त्या दिवशी

बँकेची सगळी खाती सांभाळणारी दोन मेनफ्रेम यंत्रं, म्हणजे मोठे संगणक होते, एक अमरावतीला, एक अकोल्यात. ती जोडून एकच यंत्रणा करायचं काम मिळालं तेव्हा अकोल्याच्या ऑफिसातल्या प्रियदर्शनीने घरी पेढे नेले होते. एक बंद पडलं तर त्याचं अर्धवट काम दुसऱ्याने उचलायचं, खातेदाराला पत्ताही लागू नये, असा बेत. काम संपत आलं तेव्हा कुणकुण लागली. चाचणी जमली की अकोल्याचं यंत्र अमरावतीतूनच चालवणार, इथली माणसं लागणार नाहीत.

चाचणी भर दुपारी होती. अकोल्याचं यंत्र मुद्दाम बंद करायचं. शेवटची तपासणी करताना तिला चूक दिसली. अकोल्याच्या यंत्राने व्यवहारासाठी अडवून धरलेली खाती यंत्र बंद झाल्यावर सुटणारच नव्हती. लोकांचे पैसे मध्येच लटकले असते.

शेजारच्या टेबलावरच्या वामनरावांनीही ते पाहिलं. तिला हे काम त्यांनीच शिकवलं होतं.

“राहू दे पोरी,” ते हळूच म्हणाले. “फसू दे चाचणी. आपलं ऑफिस तं राहीन.”

“काका, दवाखान्यात बिल भरायले कोणी उभं असन तं?”

“अन् आमी कुठं उभं राहावं?”

फोनवर अमरावतीचे शेषराव विचारत होते, “मॅडम, करू का बंद?”

“थांबा भाऊ,” ती म्हणाली. “एक दुरुस्ती राहिली हाय.”

दुरुस्ती झाली. यंत्र बंद झालं, पंख्यांची घरघर थांबली. शाखांमधले व्यवहार चालूच राहिले, एक तक्रार आली नाही. फोनमधून टाळ्या ऐकू आल्या. वामनराव उठून बाहेर गेले.

पुढे आदेश आला. प्रियदर्शनीला बढती आणि अमरावती. वामनराव कंत्राटावर होते, त्यांना घरी बसवलं.

जायच्या आधी ती जठारपेठेत त्यांच्या घरी गेली. त्यांच्या बायकोने, कौशल्याकाकूंनी, दार अर्धंच उघडलं.

“झोपले हायेत.”

आतून वामनरावांचा खोकला ऐकू येत होता.

“थांबू का थोडं?”

“नोको बाई. त्यायचा तुह्यावर राग नाही. पण तुले पाह्यलं की त्यायले ऑफिस आठवते.”

ती जिना उतरली.

अमरावतीत तिच्या पडद्यावर आता दोन्ही यंत्रं एकाच नावाने दिसतात. अकोल्यात काही अडलं तर हक्काने फोन करावा असं तिथे कोणी उरलेलं नाही.