पाद्रीबंगल्यात भरलेली मिटिंग

मी एक जुना बंगला आहे, मित्रांनो, पण अजून ऐटीत उभा आहे. आचरा गावाच्या अलीकडे, माडांच्या रांगेमागे पांढरं चर्च दिसतं ना, त्याच्या शेजारचा तो मी. चर्चचे पाद्री माझ्यात राहायचे, म्हणून अख्खं गाव मला ‘पाद्रीबंगलो’ म्हणतं.

मला बांधून घेतलं फादर इनास यांनी. गोव्याहून येतानाच त्यांच्या मनात घराचं चित्र पक्कं होतं. दार बरोबर मधोमध आणि दोन्ही अंगांना सारख्याच उंच खिडक्या. एक खिडकी बोटभर वर गेली, तर त्यांनी ती उपटून पुन्हा बसवायला लावली. भिंती जांभ्या दगडाच्या चिऱ्यांच्या, वर चुन्याचा गिलावा. जाडी एवढी, की खिडकीत माणूस मांडी घालून बसेल. तावदानांना काच नव्हती. शिंपल्यांचे पातळ, दुधी तुकडे लाकडी चौकटीत बसवले होते. त्यांतून आत येणारं ऊन मऊ होऊन यायचं.

पण या सगळ्या नेटकेपणात फादर व्हरांडा विसरले! समुद्राकडून आडवा पाऊस आला आणि थेट त्यांच्या पलंगावर उतरला. शंकर गवंडी धावत आला, तर फादर छत्री उघडून पलंगावर पेज पीत बसलेले.

“हसतंस काय, शंकरा? पावस सरलो की माका एक व्हरांडो बांधून दी!”

तो व्हरांडा झाला आणि मी गावाचा झालो. जाड खांब, बसायला दगडी बाक, वर उतरतं कौलारू छप्पर. बाजाराला निघालेली माणसं तिथे टेकायची. पुढे एका पाद्रींनी तिथेच शाळा भरवली. शेजारच्या शेतकऱ्याची काशी लावणीचा चिखल पायांवर तसाच घेऊन बाराखडी शिकायला यायची. तिचा खणखणीत आवाज माझ्या भिंतींना फार आवडायचा.

मग चर्चच्या मागे स्लॅबचं नवं घर झालं आणि पाद्री तिकडे राहायला गेले. मला राग आला नाही. घरात नळ कोणाला नको असतो? पण माझ्या खोल्यांत मोडके बाक आले, बाकांमागून वाळवी आली, आणि छपरातून पिंपळाचं रोप डोकावू लागलं. किल्ली त्याच काशीकडे, म्हणजे आता काशीबाईंकडे होती. केस पिकले तरी त्या रोज येऊन व्हरांडा झाडायच्या. बाकी कोणी वळून बघत नसे.

गेल्या मे महिन्यात बोलणं निघालं, की मला पाडायचं. चर्च समितीचे पावलू फर्नांडिस त्यासाठी हटूनच बसले होते. शेवटचा निर्णय घ्यायला मिटिंग भरली ती नव्या घरात. तेवढ्यात वीज गेली. पंखे थांबले, स्लॅब तापला आणि माणसं पापडासारखी भाजू लागली.

नवे तरुण फादर लिगोरी उठले. “चला, जुन्या बंगल्यात बसूया.”

काशीबाईंनी दार उघडलं आणि खिडक्या सताड लोटल्या. समुद्राचा वारा या खिडकीतून आला आणि त्या खिडकीतून गेला. मंडळी गार जमिनीवर बसली. काशीबाईंनी कोकमाचं सरबत फिरवलं.

“सणाक मुंबयचे पावणे गाडये घेवन येतत,” पावलू म्हणाले. “खंय लावूचे? माझ्या टकलेर? हो बंगलो पाडूकच होयो!”

एवढं बोलून ते माझ्या भिंतीला टेकले. बाकीच्यांचं बोलणं चालू राहिलं. थोड्या वेळाने फादरनी विचारलं, “पावलूबाब, मग तुमचं मत नक्की ना?”

उत्तर आलं ते घोरण्याचं.

काशीबाईंनी त्यांना हलवलं. “पावलू, ज्येका पाडूचो म्हणतंस, त्येच्याच भितीक टेकान घोराक लागलंस रे!”

सगळे खो खो हसले. पावलू डोळे चोळत ओशाळले. हसू ओसरल्यावर फादरनी मुद्दाम विचारलं, “बरं, पुढची मिटिंग कुठे घ्यायची?”

“खंय म्हणजे? हयच!” पावलूच आधी बोलले. “थंय त्या भट्टयेत कोण बसतलो?”

बोलून गेल्यावर त्यांना कळलं, आपण काय बोललो ते. मग पावलूंनी हात वर करून कौलांकडे पाहिलं. “पावसाआधी कौलां तरी परतून बसवया,” ते पुटपुटले, “आणि गाडये ऱ्हवांदेत माझ्या खळ्यात.”

मित्रांनो, त्या दिवशी माझ्या भिंतींतून जे झिरपलं, ती ओल नव्हती!

पुढच्याच रविवारी पावलू स्वतः छपरावर चढले. पिंपळाचं रोप मुळासकट निघालं. वाळवी लागलेले वासे बदलले, खिडक्यांतून गळलेले शिंपले पुन्हा बसले. आता व्हरांड्यात संध्याकाळी पोरं अभ्यासाला बसतात आणि त्यांचे पाढे चुकले, की काशीबाई अंगणातूनच ओरडतात.

तुमच्याही गावात एखादं बंद पडलेलं जुनं घर असेल. ते पाडायचं ठरवाल, तर आधी एक करा. त्याच्या खिडक्या उघडा आणि भर उन्हात एक दुपार आत बसून बघा. निर्णय नंतर घ्या. आणि मध्येच डोळा लागला, तर अजिबात लाजू नका.