विमानावरची काजळी

सुनेच्या नजरेला डाग म्हणून खपत नसे. दातांच्या दवाखान्यात ती लोकांचे दात साफ करायची, आणि जन्मभर सिगारेट ओढलेल्यांची बत्तिशीसुद्धा अशी लख्ख करून द्यायची की ते जाताना आरशासमोर उगाच हसून बघत. घरी आल्यावरही हात स्वस्थ बसत नसत. नवरा म्हणायचा, हिच्यासमोर फार वेळ बसू नका, पुसून टाकेल.

लग्नाला काही महिने झाले होते, पण सासरे तिच्याशी बोलतील तर शपथ. अण्णा तसे वाईट नव्हते. टोमणा नाही, कुरकुर नाही. पण भाजीत मीठ कमी आहे हेसुद्धा ते मुलाला सांगत, आणि वाढणारी ती समोरच उभी असे. हा माणूस आपल्याला कधी घरातलं मानणार, याचाच तिला घोर लागला होता.

अण्णांच्या खोलीत काचेच्या कपाटात एकच वस्तू होती. लढाईच्या काळातल्या विमानाची धातूची प्रतिकृती, वीतभर लांब, हातात घेतली की चांगली जड. पंखा फिरायचा, चाकं फिरायची. पण अवतार काय तो! धुराड्यांमागे दोन्ही बाजूंना काळे फराटे आणि पोटाखाली तेलकट ओघळ. सासूबाई गेल्यापासून बिचाऱ्या अण्णांच्या वस्तूंवरून कुणाचा हात फिरला नसेल, असं वाटून तिला भरून आलं.

एका सुट्टीच्या सकाळी अण्णा केस कापायला गेले आणि तिने डाव साधला. मऊ ब्रश, कापसाचे बोळे, थोडं स्पिरिट. दाढांच्या मागे जाणारा हात तो, त्याच्यापुढे फराट्यांची काय टाप! विमान आत्ताच कारखान्यातून आल्यासारखं चकाकू लागलं.

नवऱ्याने ते पाहिलं आणि तिला खाली बसवून सगळं सांगितलं. तो मळ नव्हताच. उडून आलेल्या विमानावर धुराची काजळी बसते, ती कारागिरांनी मुद्दाम रंगवली होती; शौकीन लोक तिच्यासाठीच अशी विमानं घेतात. मळ विकत घेणारी माणसं जगात असतात, हे तिला त्या दिवशी कळलं. पण खरी गोष्ट पुढेच होती. अण्णांचा थोरला भाऊ असलंच विमान चालवायचा. लढाईत एके दिवशी उडाला, तो परत आला नाही. अण्णा तेव्हा शाळेत होते.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. करायला गेली गणपती आणि झाला मारुती. नवरा म्हणाला, गुपचूप कपाटात ठेवून दे, अण्णांना हल्ली बारीक दिसत नाही. तिने मान हलवली. या घरात आधीच बोलणं कमी, त्यात लपवाछपवीची भर कशाला?

अण्णा आल्यावर ती विमान घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली.

"अण्णा, मला मळ वाटला. मी सगळा पुसून टाकला. मला माफ करा."

अण्णांनी विमान हातात घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि ते खिडकीशी गेले. जिथे काजळी होती तिथून अंगठा फिरवला. एकदा, पुन्हा एकदा. नवरा दारात जीव मुठीत धरून उभा होता.

"काजळी होती ना," अण्णा म्हणाले, आणि बोलत होते ते थेट तिच्याशी, "तेव्हा बघून वाटायचं, दादा गेला आणि परत आला. रोज तेवढंच स्वतःला सांगायचो. आता हे असं कोरं बघितलं, तर वाटतंय तो अजून गेलाच नाही."

अण्णांनी डोळे पुसले, तेही बाहीनेच. मग त्यांनी विमान उलटं केलं आणि तिच्या हातात दिलं.

"इथे चाकाच्या मागे थोडी राहिलीय, पोरी. तेवढी पण काढ."