उलट्या बाटल्या

आमच्या सासूबाईंनी, लक्ष्मीबाईंनी, गावातलं दारूचं दुकान बंद पाडलं. मतपत्रिकेवर एक उभी बाटली, एक आडवी. दुकान नको असेल तर आडवीवर शिक्का. त्यांनी दारोदार फिरून बायकांना बाहेर काढलं आणि बाटली आडवी केली. त्याच दुकानाने माझ्या सासऱ्यांचा जीव घेतला होता.

आणि त्यांचा मुलगा, म्हणजे आमचे सुरेशराव, इथे कतारला, दोह्याजवळच्या लुसैलमध्ये, एका हॉटेलातल्या पबमध्ये सुपरवायझर! गावाकडे आम्ही एवढंच सांगितलेलं, हॉटेलात आहे. स्वतः थेंबाला शिवत नाही, पण ते कोण ऐकणार?

सासूबाई दोह्याला आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "सुरेश काम करतो ती जागा मला बघायचीय." सुरेशचं म्हणणं, झाकली मूठ सव्वा लाखाची. मला त्या मुठीचा वीट आला होता. फोनवर दरवेळी मीच शब्द चाचपत बोलायचं.

"आईच्या नजरेतून उतरलो तर?" तो म्हणाला.

"उतर एकदाचा," मी म्हणाले आणि दुपारी त्यांना घेऊन गेले.

पब विलायती खेड्यातल्यासारखा बांधलाय. काळ्या लाकडाच्या तुळया, ठेंगणं छत, कोपऱ्यात शेकोटी.

"भाईर एवढं ऊन, आन् हितं जाळ कशाला?"

"खोटा हाय, आई. ह्यांच्या गावाकडं थंडी असती, त्याची आठवण म्हणून." सुरेशचा आवाज नेहमीपेक्षा बारीक होता.

त्याने आम्हाला चहा आणून दिला. सासूबाई बघत बसल्या. कोणी पेपर वाचतंय, दोघं भिंतीवरच्या चकतीवर बाण मारतायत, एक बाई बटाट्याचं काहीतरी खातेय. नवखा माणूस आला की बाकावरचे सरकून जागा देतात.

"ह्यो ह्यांचा पार दिसतोय," त्या म्हणाल्या. माझा जीव भांड्यात पडणार, तोच त्यांची नजर काउंटरमागे गेली. तिथे मापाने ओतायला बाटल्या उलट्या टांगलेल्या, तोंडं खाली. त्यांनी कप बशीत ठेवला आणि पदर आवळून घेतला.

तेवढ्यात खिडकीजवळच्या म्हाताऱ्या गोऱ्याने रिकामा ग्लास उंचावला. सुरेश गेला, वाकून काहीतरी बोलला, ग्लास उचलून पाणी ठेवलं. म्हातारा भडकला, टेबलावर हात आपटला. सुरेश हलला नाही. शेवटी त्याला दंडाला धरून टॅक्सीत बसवून आला. असं धरून न्यायची त्याला लहानपणापासून सवय आहे.

"काय म्हणला त्याला?" सासूबाईंनी मला विचारलं.

"बास म्हणाले. आता मिळणार नाही म्हणाले."

"गिऱ्हाइकाला?" त्या म्हणाल्या. "तुझ्या सासऱ्याला त्या दुकानात कुणी बास म्हणलं न्हाई गं. कधीच न्हाई."

सुरेश समोर येऊन उभा राहिला. "आई, तू म्हण, आज नोकरी सोडतो."

"मी काय म्हणू? हितं मत घेतलं तर आजबी मी आडवीवरच शिक्का मारीन," म्हणत त्या उठल्या. नको ते धाडस केलं असं मला वाटायला लागलं.

संध्याकाळी जेवताना गावाहून बबीताकाकूंचा फोन आला. मतदानाच्या वेळी सासूबाईंबरोबर फिरलेल्या त्याच.

"सुरेश काय करतोय तिकडं हॉटेलात?" फोन स्पीकरवर होता. सुरेशचा घास हातातच राहिला.

"दारू विकतो," सासूबाई म्हणाल्या. "आन् बास झालं की बास म्हणतो. आपल्या गावात असा एक असता, तर ह्याचा बाप आज हितं जेवायला असता."

फोन माझ्या हातात देऊन त्यांनी सुरेशच्या ताटात भाकरी वाढली.