गच्चीवरची टेकडी

ही गोष्ट एकोणीसशे बाहत्तर सालची. तेव्हा मी विद्यापीठात नैसर्गिक संपत्तीच्या संवर्धनाचा अभ्यास करत होते. विषयाचं एवढं लांबलचक नाव ऐकून लोक विचारायचे, "म्हणजे नक्की काय?" मी ज्या आत्याकडे राहत होते, ती सगळ्यांना एकच उत्तर द्यायची, "माती शिकते. लहानपणी खायची, आता शिकते."

आत्या शिवणकाम करायची. पुढच्या खोलीत तिचं मशीन, कापायचं टेबल आणि भिंतीला टेकवलेला उंच आरसा. कामाचा पसारा एवढा, पण संध्याकाळी जमिनीवर एक चिंधी दिसायची नाही. समोरच्याच्या बाहीला दोरा लोंबताना दिसला की ओळखपाळख नसली तरी ती कात्री काढायची. तिला तो बघवायचाच नाही.

आमच्या विभागामागे बंद पडलेल्या दगडाच्या खाणीची टेकडी होती. उतार पार उघडा पडलेला. वारा सुटला की टेकडी वर्गात यायची, वहीवर बसायची. नगरपालिकेच्या इंजिनिअरांनी ठरवलं होतं, यंत्र लावून अख्ख्या उताराला पायऱ्या पाडायच्या आणि भरभर वाढणारी एकाच जातीची झाडं लावायची. आमच्या सरांच्या खिशात कायम एखादं ढेकूळ असायचं, म्हणून आम्ही त्यांना ढेकळेसर म्हणायचो. ते इंजिनिअरांना म्हणाले, "आधी मातीला विचारू या."

मातीला विचारायची रीत अगदी साधी. उतारावरची वरवरची माती आणायची, उथळ ट्रेमध्ये पसरायची, पाणी द्यायचं, काही पेरायचं नाही आणि वाट बघायची. मातीत बी जिवंत असेल तर आपणहून उगवतं. टेकडीवरचं जुनं गवत त्यात निघालं, तर नुसतं कुंपण घालून उतार सोडून द्यायचा, तो स्वतःच भरून येतो. नाही निघालं, तर यंत्र.

"सत्र संपेपर्यंत थांबतो," इंजिनिअर हसत म्हणाले. "मातीला जरा लवकर बोलायला सांगा."

हे काम माझ्याकडे आणि फांदीकडे आलं. फांदी म्हणजे माझी वर्गमैत्रीण, उंच आणि किडकिडीत. वादळात विभागाच्या काचघराचं छप्पर कोसळलं होतं, म्हणून ट्रे आत्याच्या गच्चीवर नेले. तिथे ऊन होतं, नळ होता. हळूहळू हिरवे ठिपके दिसू लागले. कोवळेपणी सगळी रोपं सारखीच दिसतात, ओळखू येईपर्यंत त्यांना हात लावायचा नसतो. आम्ही प्रत्येकाशेजारी आगकाडी खोचली आणि अभ्यासदौऱ्यावर निघून गेलो. पाणी घालायचं आत्याने कबूल केलं होतं.

परत आल्यावर आम्ही दोघी पिशव्या खांद्यावर तशाच ठेवून वर गेलो. ट्रेमध्ये हिरवं काही नव्हतं. माती भुसभुशीत, सपाट, जणू इस्त्री फिरवलेली. आगकाड्यांची दोऱ्याने बांधलेली जुडी कठड्यावर ठेवलेली होती.

"आत्या, यातलं सगळं कुठे गेलं?"

"ते होय? तण माजलं होतं गं. तुम्हा पोरींना फुरसत नाही, म्हटलं आपणच हात फिरवावा. मुळासकट काढलंय. आता काय पेरायचंय ते पेरा."

फांदी टाकीच्या पायरीवर बसली. "आत्या, आम्हाला तेच हवं होतं."

"तण हवं होतं?"

"हो."

"विद्यापीठात?"

कचऱ्याची गाडी कधीच येऊन गेली होती. आत्याने आमच्या तोंडाकडे पाहिलं, मग ट्रेकडे. "मग तशी पाटी लावायची होती गं," एवढंच म्हणाली आणि खाली गेली. थोड्या वेळाने मशीनचा आवाज आला. मी जाऊन पाहिलं तर सुईखाली कापडच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ढेकळेसर स्वतः आले. जिना चढून दमले होते, तरी आधी त्यांनी मातीत बोट घातलं.

"माती कुणी हलवली?"

"मी," दारातून आत्या म्हणाली. हातात कात्री तशीच होती.

"खालपर्यंत?"

"तळापर्यंत. अर्धवट काम मला जमत नाही."

सरांनी बोटाची माती झटकली. मग म्हणाले, "पहिली खेप ओळखून झाली की आपणही हेच करणार होतो. उपटायचं आणि माती खालीवर करायची, म्हणजे खाली दबलेल्या बियांना उजेड मिळतो. आता पहिली खेप गेली ती गेली. अहवालात तसं लिहा, कारणासकट."

"कारण काय लिहू?"

"आत्या," फांदी पुटपुटली.

"घरच्यांनी स्वच्छता केली, असं लिहा," सर म्हणाले. "पण सत्र संपत आलंय. दुसरी खेप वेळेत येईल की नाही, ते मी सांगू शकत नाही."

त्या दिवसापासून आत्याने खुर्ची गच्चीवर मांडली. हातशिलाईची सगळी कामं ती तिथेच करू लागली, चिमण्यांनी माती उकरू नये म्हणून. मांडीवर सतत कापड असायचं. "हात रिकामे ठेवले तर माझा मलाच भरवसा नाही," म्हणायची. माती मात्र ढिम्म. इंजिनिअरांचं यंत्र टेकडीच्या पायथ्याशी येऊन उभंही राहिलं.

मग एका सकाळी तिची हाक आली, "अगं, वर ये. दोरा उगवलाय."

खरंच दोराच. एक पातळ, उभं पातं, मग शेजारी आणखी एक. पानं जरा वाढल्यावर सरांनी भिंग लावून पाहिलं. पात्याच्या बुडाशी बारीक लव होती. जुनंच गवत. उताराच्या खालच्या अंगाची माती असलेल्या जवळजवळ सगळ्या ट्रेमध्ये ते आलं, वरच्या अंगाच्या एकाही ट्रेमध्ये नाही. सरांनी खिशातलं ढेकूळ काढून कठड्यावर ठेवलं आणि दोन्ही हातांनी तो ट्रे उचलला.

इंजिनिअर आले, वाकून बघू लागले. "एवढंसं गवत टेकडी धरून ठेवणार?"

"साहेब," आत्या म्हणाली, "तुमच्या पँटचं बटण कशाने धरलंय?"

साहेबांनी नकळत कमरेला हात लावला. सगळ्यात आधी हसले तेच. खालचा उतार कुंपण घालून तसाच सोडायचा, वर यंत्र चालवायचं, असं त्यांनी तिथेच कबूल केलं.

पुढे साहेब निवृत्त झाले. वरची त्यांची झाडं एका कोरड्या वर्षी बरीचशी वाळली, उरली ती मात्र चांगली दांडगी झाली. खालचा उतार कमरेइतक्या गवताने भरला आणि ते सकाळी तिथेच फिरायला जायचे. ढेकळेसर जाऊन पुष्कळ वर्षं झाली. त्यांचं ते ढेकूळ कठड्यावरच राहिलं होतं, ते माझ्या पुस्तकांच्या कपाटात आहे. फांदी वनखात्यात गेली, मोठी साहेबीण झाली. आता थोडी वाकलीय, पण फोनवर अजून मला "तणमावशी" म्हणते. मी त्याच विभागात शिकवत राहिले. खिडक्या उघड्या ठेवूनही वहीवर धूळ बसत नाही, याचं माझ्या विद्यार्थ्यांना कधी नवल वाटलं नाही.

आत्या शेवटपर्यंत माझ्याजवळ होती. त्या उन्हाळ्यानंतर तिला एक सवय लागली. कुंडीतलं रोप असो की कपड्याचा दोरा, ओढण्याआधी विचारायची, "हे ठेवायचं की काढायचं?" अखेरच्या आजारपणात चादरीचा एक सुटलेला दोरा दोन बोटांत धरून तिने मला तेच विचारलं.

"राहू दे," मी म्हटलं.

तिने राहू दिला.