सत्तेचाळीस नंबरची बाटली

"काका, सत्तेचाळीस नंबरच्या उंदराच्या मेंदूत गाठ निघाली. मुगाच्या दाण्याएवढी!" सूक्ष्मदर्शकाखालची काचपट्टी बाजूला ठेवत डॉक्टरबाई म्हणाल्या.

काकांच्या हातातल्या रिकाम्या बाटल्या खणखणल्या. प्रयोगशाळेतल्या उंदरांची देखभाल करण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती आणि येत्या शुक्रवारी ते निवृत्त होणार होते.

"पण त्याला तर औषध टोचलंच नव्हतं."

"म्हणूनच तो महत्त्वाचा. वय झालं की काही उंदरांना अशी गाठ आपोआप होते. ती कशी वागते हे कळलं, तरच औषधवाल्या उंदरांबद्दल काही बोलता येतं." बाई हसल्या. "तुमच्या रोजच्या तक्त्यात तो मरेपर्यंत 'ठीक' आहे. म्हणजे लक्षण काहीच नव्हतं, तसं अहवालात लिहिलंय मी. तुमच्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही, हे काय मला माहीत नाही?"

काकांचे कान तापले. नजरेतून काही सुटलं नव्हतं, तीच तर गोम होती.

महिन्यापूर्वी तो उंदीर मान तिरकी करून जागच्या जागी गोल फिरताना त्यांनी पाहिला होता. पाण्याच्या नळीपर्यंत त्याचं तोंड पोचेना, म्हणून काकांनी बाटली तारेने बांधून खाली आणली. तो घटाघटा प्यायला. मग काकांनी तक्त्यात लिहिलं, 'ठीक'. रोज तेच लिहिलं. खरं लिहिलं तर बिचाऱ्याला आजच संपवतील, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. ती निव्वळ लोणकढी थाप होती. खरं लिहिलं की चार पानी फॉर्म, तीन सह्या, वर रविवारची हजेरी. जाता जाता ते झेंगट कोण गळ्यात बांधून घेणार? आणि तो मुका जीव तीन आठवडे गरगरत राहिला. काकांना स्वतःचीच लाज वाटली.

"ते खोडा, बाई," ते म्हणाले. "मान वाकडी होती त्याची. तीन आठवडे. मला दिसत होतं."

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसती ओळ खोडली आणि काकांच्या तक्त्यांचा गठ्ठा पुढ्यात ओढला.

"मग बाकीचे 'ठीक', काका?"

"ते खरे आहेत."

बाईंनी पहिलं पान उघडलं.

काका पिंजऱ्यांच्या खोलीत आले. सत्तेचाळीसच्या रिकाम्या पिंजऱ्यावर बाटली अजून तशीच तिरकी लोंबत होती. त्यांनी तार सोडवली, बाटली सरळ केली. मग चष्मा पुसून ते शेजारच्या अठ्ठेचाळीससमोर स्टूल ओढून बसले. बऱ्याच वेळाने तो उंदीर उठला, तुरुतुरु गेला आणि सरळ मानेने पाणी प्यायला.

काकांनी आजचा तक्ता मांडीवर घेतला, पेनाचं टोपण काढलं. पण 'ठीक' लिहायला त्यांचा हात धजेना.